सौर वीज ‘उन्हापुरती’ म्हणणाऱ्यांना उत्तर

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. सौर वीज उन्हापुरती, संध्याकाळी शेवटी कोळसाच जाळावा लागतो. छतावर पॅनल असूनही वीज गेली की घरात अंधार. आणि पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा ते आयुष्यभरात परत देत नाही, असे त्यात म्हटले आहे.

शेवटचा दावा सरळ खोटा. आपल्याकडच्या उन्हात पॅनल ती ऊर्जा साधारण एक-दोन वर्षांत फेडते, आणि कंपन्या हमी देतात २५ वर्षांची.

अंधाराची गोष्ट अर्धी खरी. बॅटरी नसलेली, ग्रिडला म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला जोडलेली यंत्रणा वीज गेल्यावर बंद पडते, पण ती मुद्दाम तशी केलेली असते. नाहीतर छतावरची वीज उलट तारेत शिरून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. वीज वारंवार जात असेल तिथे बॅटरी आणि हायब्रिड (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर घ्यावा. खर्च वाढतो, हे खरे.

संध्याकाळची अडचण मात्र खरी आहे. सौर वीज उतरते त्याच सुमारास घरोघरी दिवे आणि एसी लागतात, आणि आज ती तूट भरण्यात कोळशाचा वाटा मोठा आहे. पण ‘कोळसाच’? कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे, आणि त्याचे संच मिनिटांत सुरू होतात. विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मात्र वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा. दुपारी सौर विजेवर भागले तर तेवढे पाणी संध्याकाळसाठी उरते. घाटघरला तर मागणी कमी असताना खालच्या धरणातले पाणी पंपाने वर चढवतात आणि गरजेला सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज करतात. त्यात थोडी वीज वाया जाते, तरी असे प्रकल्प आणखी हवेत.

मागणीही हलवता येते, हे तर त्या मजकुराच्या गावीही नाही. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायला २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. बिबट्याच्या धाकात रात्री दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला वीज उन्हातच हवी आहे! तो भार दिवसा आला की रात्रीची मागणी आपोआप उतरते. शहरातही स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ दरात सवलत आहे. वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर तेव्हाच लावा.