जुन्या ‘४० गिगाबिट’ कार्डाच्या फॉरवर्डला उत्तर

सांगलीत लग्नाच्या चित्रीकरणाचे संपादन करणाऱ्या माझ्या मावसभावाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारले, “दादा, मागवून टाकू का?” त्या मजकुराचा आशय असा: सर्व्हरमधून निघालेले जुने ४० गिगाबिटचे नेटवर्क कार्ड १० गिगाबिटच्याच भावात मिळते, म्हणून नेहमी तेच घ्यावे, त्याने घरचे इंटरनेट चाळीस पट होते, ते मदरबोर्डवरच्या कोणत्याही स्लॉटमध्ये (कार्ड खोचायच्या खाचेत) चालते, बसत नसेल तर स्लॉटची मागची भिंत कापावी, त्यात कोणत्याही कंपनीचे मॉड्यूल (केबल जोडण्यासाठी कार्डाच्या पोर्टात खोचायचा छोटा भाग) चालते, आणि सर्व्हरचा माल असल्यामुळे ते कधी बिघडत नाही. भावाने निदान विचारले तरी. न विचारता मागवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

इंटरनेटचा मुद्दा चर्चेच्या लायकीचा नाही. जोडणी ३०० मेगाबिटची असेल तर ३०० मेगाबिटच मिळतील, आणि त्याला मदरबोर्डवरचे साधे गिगाबिट पोर्ट पुरून उरते. या कार्डाचा वेग आपल्याच दोन संगणकांमधला असतो.

खरा संताप येतो तो स्लॉट कापण्याच्या सल्ल्याचा. पीसीआयई, म्हणजे मदरबोर्डवरच्या या स्लॉटांच्या पद्धतीचे, कार्ड कमी लेनवरही (लेन म्हणजे स्लॉटमधली माहिती नेणारी एकेक वाट; आखूड स्लॉटला ती एकच असते) चालते, एवढे अर्धसत्य त्यात आहे, आणि काही मदरबोर्डांवर मागून उघडे स्लॉट कारखान्यातूनच येतात, हेही मान्य करतो. परंतु तापवलेल्या पात्याने प्लास्टिक कापताना आतल्या पिना वाकल्या किंवा पाते बोर्डावर घसरले, तर गेलेला मदरबोर्ड त्या स्वस्त कार्डाच्या कितीतरी पट महाग असतो, आणि वॉरंटीही हातची जाते. एवढे करून पदरात काय पडते? इंटेलचे एक्स५२० हे १० गिगाबिटचे लोकप्रिय जुने कार्ड घ्या. ते पीसीआयई २.० पिढीचे आणि आठ लेनचे आहे. त्या पिढीत एका लेनवरून सेकंदाला ४ गिगाबिट जातात. स्लॉट नव्या पिढीचा असला तरी कार्ड आपल्याच पिढीच्या वेगाने बोलते; म्हणजे एक लेनच्या स्लॉटमध्ये १० गिगाबिटच्या कार्डातून चारही पुरते मिळत नाहीत. चार लेन मिळाल्या तर १६ गिगाबिट होतात आणि एका पोर्टाला ते पुरेसे आहेत.

हाच हिशेब ४० गिगाबिटला लावावा. मेलॅनॉक्सचे कनेक्टएक्स-३ पीसीआयई ३.० चे आहे. तिथे आठ लेनवर सुमारे ६३ गिगाबिट मिळतात, म्हणजे ४० च्या एका पोर्टाची सोय होते. मात्र संपादनाच्या संगणकात पहिला लांब स्लॉट ग्राफिक्स कार्डाने अडवलेला असतो, आणि सामान्य मदरबोर्डावरचा दुसरा लांब स्लॉट दिसायला लांब असला तरी त्याला बहुधा चारच लेन जोडलेल्या असतात. त्यावर सुमारे ३१ गिगाबिट होतात. शिवाय ४० गिगाबिट म्हणजे सेकंदाला ५ गिगाबाइट. साटा जोडणीची एसएसडी साधारण ५५० मेगाबाइटला थांबते आणि हार्ड डिस्क त्याच्याही निम्म्यावर. भावाचे सगळे चित्रीकरण हार्ड डिस्कांवर आहे. त्याला १० गिगाबिटही भरून वापरता येणार नाहीत, तरी सध्याच्या गिगाबिटवर सेकंदाला जे ११८ मेगाबाइटच्या आसपास अडकते, ते सुटेल. कनेक्टएक्स-३ चेच एक पोर्ट असलेले एमसीएक्स३११ए हे १० गिगाबिटचे कार्ड मुळात चार लेनचे आहे, म्हणजे भावाच्या संगणकातल्या दुसऱ्या स्लॉटसाठी जणू बेतलेले.

कोणतेही मॉड्यूल चालते, हे विधान तर छापील पुराव्यासमोर टिकत नाही. लिनक्स कर्नलसोबत येणाऱ्या इंटेलच्याच ड्रायव्हरच्या दस्तऐवजात म्हटले आहे की, ८२५९९ चिपच्या (एक्स५२० मध्ये हीच चिप असते) कार्डासोबत इंटेलची ऑप्टिक्स, म्हणजे प्रकाशतंतूच्या केबलची मॉड्यूल, आली असतील, किंवा कार्ड एक्स५२०-२ असेल, तर ते इंटेलची ऑप्टिक्स आणि डायरेक्ट अटॅच केबल (दोन्ही टोकांना जोडणी पक्की बसवलेली तयार केबल) एवढेच स्वीकारते. लिनक्सवर हे बंधन ड्रायव्हरला एक पर्याय देऊन सैल करता येते. विंडोजवर संपादन करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. दोन संगणक एकाच टेबलावर असतील तर मॉड्यूलच्या फंदात न पडता दोन-तीन मीटरची डायरेक्ट अटॅच केबल घ्यावी.

जुनी कार्डे टिकाऊ असतात, हे नाइलाजाने कबूल करतो, कारण त्यांत फिरणारा भाग बहुधा नसतो आणि डेटा सेंटर ती अनेकदा बिघडली म्हणून नव्हे, तर वेगवान उपकरणे आली म्हणून काढते. मात्र त्यांचा हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्याच्या भरवशावर बेतलेला असतो. साध्या कॅबिनेटमध्ये, ग्राफिक्स कार्डाच्या खाली, तो वारा मिळत नाही; एक छोटा पंखा तिकडे वळवावाच लागतो.

विक्रेत्याकडून आधी कार्डावरच्या लेबलचा स्पष्ट फोटो मागवावा. एचपीची फ्लेक्सिबल-लोम आणि डेलची डॉटर कार्डे त्यांच्याच सर्व्हरसाठी असतात आणि पीसीआयई स्लॉटमध्ये थेट बसत नाहीत. इंटेलच्या नावाची नक्कल कार्डेही बाजारात आहेत. कनेक्टएक्स-३ च्या आधीचे कनेक्टएक्स-२ स्वस्त दिसले तरी टाळावे. फोटोत ब्रॅकेटही (कार्ड कॅबिनेटला स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) पाहावी, कारण सर्व्हरची अनेक कार्डे आखूड ब्रॅकेटसह येतात आणि भावाच्या कॅबिनेटला पूर्ण उंचीची लागते.