पश्चिमेचा तट नसलेला किल्ला

जुलै 2025 मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद चालू आहे. धाकट्या मामाचं म्हणणं, आता तरी सिंधुदुर्ग पहिल्यासारखा बांधून काढा. "पोरांनी बघायचं काय, दगडांचे ढीग?" मी मालवणातच वाढले, त्याची तळमळ मला कळते. पण इंग्लंडमध्ये नॉरफोकला आल्यापासून माझं मत बदललंय, ते बर्ग कॅसलमुळे.

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमनांनी बांधलेला हा किल्ला. तेव्हा समोर भली मोठी खाडी होती. आज तीन बाजूंचे तट उभे आहेत, जवळजवळ साडेचार मीटर उंच. पश्चिमेचा कधीच खाली दलदलीत गेला. तो कुणी परत उभारला नाही. त्यामुळे आत उभं राहिलं की नजर थेट ब्रेडन वॉटरच्या पाण्यावर आणि पलीकडच्या सपाट कुरणांवर जाते. खाडी गाळाने भरली, पण गलबतं कुठून येत असतील ते अजून दिसतं, कारण मध्ये एक हॉटेल नाही.

तट गारगोट्यांचा, मधे लाल विटांचे थर. बुरुजाशी वाकून पाहिलं तर खाली तो तटाला सांधलेलाच नाही, नुसता टेकलाय. वर मात्र दोन्ही एकजीव. म्हणजे काम अर्ध्यावर आल्यावर बुरूज घालायचं ठरलं! कुणी सिमेंट लिंपलं असतं तर ती फट बुजली असती, आणि गवंड्यांचा बदललेला बेतही.

भोवतालची जमीनसुद्धा किल्ल्याबरोबर एका ट्रस्टने राखली आहे. पूर्वी नांगरली जायची, आता तिथे गवत आहे.

एक मात्र इथे नाही. इथे कुणी चपला काढत नाही. सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचं मंदिर आहे, वस्ती आहे, चुन्यात उमटलेल्या महाराजांच्या हातापायांच्या ठशांपुढे माणसं हात जोडतात. म्हणूनच तर मला भीती वाटते. तो ठसा कुणी नव्याने करून बसवला तर मामाही हात जोडणार नाही.

ढासळणारा दगड थोपवा, चुन्याची जागा चुन्यानेच भरा, फटीत रुजलेली पिंपळाची रोपं काढा. आणि युनेस्कोच्या यादीतल्या नावात 'लँडस्केप्स', म्हणजे भोवतालचा परिसरही आहे, तेही वाचा. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की किल्ला आणि समुद्र, दोन्ही मोकळे दिसले पाहिजेत.