फोर स्लीपर

ट्रेलर विकणारा माणूस सगळ्यात आधी गादी दाखवतो. गाडीच्या मागे जोडून न्यायचं अख्खं घर विकायला काढलेलं असतं, त्याला चाकं असतात, सांगाडा असतो, ब्रेक असतात. पण आपण शेडमध्ये पाऊल टाकलं की हा दार उघडून म्हणणार, "बसून बघा मॅडम." मॅडम बसल्या. मग आडव्याही झाल्या.

"फोर स्लीपर आहे," विक्रेता अभिमानाने म्हणाला.

"कुठले चार?" सौ.ने पडल्या पडल्याच विचारलं.

जेवणाचं टेबल खाली दाबायचं, त्यावर पाठीच्या उशा अंथरायच्या, की दुसरा पलंग तयार. तो तयार झाल्यावर मी झोपून पाहिलं, तर गुडघ्याखालचा मी बाहेर राहिलो. थोडक्यात, दोन माणसं आणि तिसरी इयत्ता न ओलांडलेले दोन विद्यार्थी.

दुकान पनवेलच्या पुढे महामार्गालगत, आमचं घर गुहागर तालुक्यात. सोबत मावसभाऊ होता, आमचा दादा. दादाने उमेदीची वर्षं चिऱ्याच्या ट्रकवर काढलीत, त्यामुळे गादीवर त्याचा विश्वास नाही. तो आत आलाच नाही. चाकापाशी उकिडवा बसला, टायरवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि चार आकडे वाचले : २२२०.

"२०२० सालच्या बाविसाव्या आठवड्यातला टायर आहे हा."

"ब्रँड न्यू आहे काका. एक किलोमीटर चाललेला नाही."

"चालला नाही ते दिसतंय. उन्हात उभा किती राहिला, ते विचारतोय."

विक्रेत्याने विषय बदलून राज्य सरकारचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण काढलं. धोरण चांगलंच असणार, पण दादाने "धोरणाला ब्रेक आहेत काय?" असं विचारल्यावर ते तिथेच आटोपलं. कारण पुढचं वाक्य "तुमची गाडी आरामात ओढेल" हे होतं, आणि दादाचं म्हणणं की ओढतं सगळंच, उतारावर थांबवणार कोण? ह्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक होते. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर मागून ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात. विक्रेत्याने हे सांगितलं नाही. दादाने जोडाच्या दांड्याला खांदा लावून ते करून दाखवलं, तेव्हा विक्रेताही कुतूहलाने पाहत होता.

मग वजन. पाटीवर रिकामं ७५० किलो आणि भरून जास्तीत जास्त ९५० लिहिलेलं. म्हणजे सामानाला २०० किलो. पाण्याची टाकी ६० लिटरची, म्हणजे ६० किलो तिथेच गेले. घरगुती सिलिंडर भरलेला तीसेक किलोचा. बॅटरी वेगळी. उरलेल्यात सौ.चं स्वयंपाकघर बसवायचं. आणि माहेरहून परतताना ही बाई एकेक फणस दहा किलोचा घेते. शिवाय ओझं मागे जास्त झालं तर ट्रेलर रस्त्यावर शेपटासारखा डोलतो, म्हणून फणस पुढे ठेवायचे. पण पुढे तर गादी.

"सर, इतकं कोण मोजतं?" विक्रेता हसला.

"परशुराम घाट," दादा म्हणाला.

वॉटरप्रूफ हा शब्द विक्रेत्याने तीनदा उच्चारला. कोकणातल्या माणसापुढे हा शब्द जपून वापरावा. आमच्याकडे जूनपासून जे कोसळतं त्याला चौकोनी छपरावरचे सांधे आणि त्यातलं सिलिकॉन माहीत नसतं. दादाने गाड्या धुवायची नळी मागितली आणि छपरावर सोडली. आम्ही आत बसलो. बराच वेळ काही नाही. विक्रेता कोटेशनचा कागद मांडीवर घेऊन खुशीत होता. मग छतावरच्या झरोक्याच्या कडेला एका स्क्रूच्या डोक्यावर पाण्याचा टिपूस धरला. तो फुगला, कडेकडेने सरकला, कोपऱ्यात थोडा थबकला आणि बरोबर "एकूण रक्कम"वर पडला.

"हे कंडेन्सेशन आहे," विक्रेता म्हणाला.

ओला झालेला तो कागद मी नीट वाचला. ट्रेलरची किंमत वर, आणि खाली तिची पिल्लं. हँडलिंग चार्जेस, म्हणजे आपण विकत घेतलेली वस्तू आपल्या हाती द्यायचे पैसे. अँटी-रस्ट कोटिंग, समुद्राकाठी राहणाऱ्याला ह्यावर नाही म्हणवत नाही, हे त्यांनाही ठाऊक. अ‍ॅक्सेसरीज किट : एक पायपुसणं, एक कीचेन. विमा "आमच्याकडूनच घ्यावा लागतो", असा नियम कुठेही नाही. आरटीओची नोंदणी मात्र खरीच लागते. ट्रेलरला स्वतःचा नंबर असतो. घासाघीस सौ.ने केली, आणि त्या प्रांतात मी पडत नाही. नवे टायर, झरोक्याचं सील पुन्हा, हँडलिंग रद्द. पायपुसणं त्यांनी आग्रहाने दिलं.

घाट निर्विघ्न उतरला. खरी परीक्षा आमच्या वाडीत. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, मधे बैलगाडीच्या मापाची वाट, आणि ट्रेलर अंगणात उलटा घालायचा. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. हे दादाला माहीत होतं, वाडीला नव्हतं. त्यामुळे गडग्यावर बसलेले सगळे "डावीकडे! अरे, डावीकडे!" ओरडत होते आणि दादा त्यांच्याकडे न बघता बरोबर उलटं करत होता. ट्रेलर आत बसला तरी श्रेय वाडीनेच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलो तर छपरावर कोकमाची सालं वाळत घातलेली. काकू शिडीवर. "सपाट आहे, ऊन दिवसभर, आणि कोंबड्या पोचत नाहीत," ती म्हणाली. मी वॉरंटीचं पुस्तक चाळलं. छपरावर काही ठेवू नये एवढं लिहिलंय, कोकमाचा उल्लेख नाही. विक्रेत्याला फोन केला. "कंपनीला विचारून सांगतो," म्हणाला. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही आणि इकडे आमसुलांना शेवटचं पुट देऊन झालंय.