जुना तंबोरा ओळखण्याच्या खात्रीशीर युक्त्या

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि सांगलीत ज्याच्या माळ्यावर भोपळा, त्याच्या घरात एक जाणकार उगवला. आमच्याकडे माझा चुलतभाऊ आहे. त्याच्याकडून शिकलेलं तुमच्याही कामी यावं म्हणून लिहितोय.

आधी तंबोऱ्याच्या आत बघा. गिटारच्या भोकातून टॉर्च मारला की लेबल दिसतं, आतल्या पट्ट्या दिसतात, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेलच. तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, बंद असते. हरकत नाही, "मग सीरियल नंबर कुठाय?" असं विचारा. आमच्याकडे विचारून झालंय.

वय काढायचं तर कलिंगड बघतात तसा भोपळ्याला टिचकी मारा आणि शंभर वर्षं सांगा. त्याहून कमी सांगितलं तर पाहुणे चहा न घेता उठतात.

लाकूड बहुधा तुणाचं असतं, हलकं लागतं. तुम्ही शिसवी म्हणा.

दांडीवरची पांढरी नक्षी सेल्युलॉइडची असेल तर बोटाने खसाखसा घासल्यावर कापराचा वास येतो. पण एवढी बोटं कोण झिजवणार? पांढरं ते हस्तिदंत, असं धरून चाला आणि ग्रुपवर "विकणे आहे" म्हणून फोटो टाका. हस्तिदंत विकायला बंदी आहे, ते वनखात्याची माणसं घरी येऊन सांगतील.

आता पॉलिश. जुन्या वाद्याची किंमत चकाकीवर ठरते, हे मनात पक्कं करा. आमच्या आत्याच्या तंबोऱ्यावर लाखेचं पॉलिश होतं, हाताने चढवलेलं, तांबूस. दांडीवर जिथे तिचा अंगठा टेकायचा तिथे रुपयाएवढी जागा फिकट आणि गुळगुळीत झाली होती. खराबच दिसायचं ते! म्हणून आमच्या जाणकाराने खंडेनवमीच्या पूजेआधी कुणाला न विचारता तंबोरा उचलला आणि मिरज दहा किलोमीटरवर असताना सांगलीतल्याच एका फर्निचरवाल्याकडे नेला. त्याने पॉलिश पेपरने सगळं खरवडलं आणि वर मशीनने मेलामाइन मारलं, डायनिंग टेबलाला मारतात तेच. नक्षीचे दोन तुकडे निघाले, तिथे पुट्टी भरली. वर "दादा, सरप्राइज!"

सरप्राइज कसलं डोंबलाचं? तारा बदला, मणी बदला, सुताचा दोरा तर बदलायचाच असतो. तारा जिच्यावरून जातात ती घोडीसुद्धा कायमची नसते, दरवेळी जवारी काढताना, म्हणजे तिचा माथा घासून सूर खुलवताना, थोडी घासली जाते, एक दिवस संपते. त्याबद्दल तक्रार नाही. पण फर्निचरवाल्याने काढून टाकलेल्या या घोडीत अजून जीव होता. सांबरशिंगाची घोडी. तिचा माथा किती उतरता ठेवायचा ते मिरजेच्या कारागिराने कानाने ठरवलं होतं, कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. त्या उतारावर तार घासत सुटते म्हणून तंबोरा बोलतो. आता तिथे प्लास्टिकची सपाट पट्टी आहे आणि तार टणटण करते, बादलीच्या कडीसारखी.

तुम्हालाही सांगतो, आता गमतीत नाही. जुनं वाद्य कळत नसेल तर हात लावू नका. धूळ मऊ फडक्याने पुसा आणि बास. दुरुस्ती करायचीच असेल तर मिरजेच्या सतारमेकरांकडे न्या, तिथे दीडेकशे वर्षं पिढ्यान् पिढ्या हेच काम चाललंय. काढलेला प्रत्येक तुकडा मागून घ्या, तुटका असला तरी. जुनं काय आणि नवं काय हे त्या तुकड्यांवरूनच कळतं, तुमच्या चकाकीवरून नाही. लाज वाटली पाहिजे रे, आत्याच्या अंगठ्याची खूण पुसायला पैसे मोजलेस तू!

मी त्या फर्निचरवाल्याकडे जाऊन आलो. जुनी घोडी कुठाय म्हटलं तर त्याने भुशाच्या पोत्याकडे बोट केलं. पोतं रिकामं होतं. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती.