डाय न टोचता नस कशी दिसेल? : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार. कुत्र्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या एमआरआयवर मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप दोन: डाय (नस उठून दिसावी म्हणून रक्तात सोडायचं औषध) न टोचता नस दिसते ही थाप आहे, आणि परभणी-उदगीरकडच्या शेतकऱ्याला या थेरांचा उपयोग काय?

पहिला मला मान्य नाही. नस दाखवायला एक्स-रे, सीटीला डाय लागतो. एमआरआयचं गणित निराळं. मेंदूच्या एका पातळ थरावर रेडिओलहरींचा मारा इतका भराभर होतो, की तिथल्या स्थिर पेशींना सावरायला उसंतच मिळत नाही आणि त्या काळपट पडतात. मानेकडून नुकत्याच वर आलेल्या रक्ताने तो मारा खाल्लेला नसतो, म्हणून ते लख्ख पांढरं उमटतं.

तुम्ही शंका घ्यायला हवी होती ती वेगळीच: न दिसलेली नस बंदच असते का? नाही. रक्त संथ असलं किंवा नस त्या थरातच आडवी धावत असली, तर त्या रक्तालाही मार बसतो आणि नस मधेच तुटल्यासारखी दिसते. त्यात कुत्र्याच्या या धमन्या मिलिमीटरभराच्या आसपास. एमआरआय यंत्राचं चुंबक कमी ताकदीचं असेल तर बारीक फांद्या गायबच. नुसत्या अँजिओवर (म्हणजे नसांच्या या चित्रावर) कुणी लकव्याचं निदान करत असेल, तर मीही तुमच्याच बाजूचा. मेंदूचा कोणता भाग रक्तावाचून गेला ते आधी डिफ्यूजनच्या प्रतिमेत (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये) बघायचं, मग नसांशी जुळवायचं.

(‘बैलाचं करा की’ म्हणालात. मोठ्या बैलात आतली कॅरोटिड धमनी (मानेतून मेंदूला रक्त नेणारी) कवटीबाहेर उरतच नाही, मेंदूच्या बुडाशी बारीक धमन्यांचं जाळं असतं. कुत्र्यात ती माणसासारखी शाबूत असते.)

दुसरा आक्षेप बराचसा खरा. शेतातल्या आखाड्यावरचं म्हातारं कुत्रं एकाएकी मान वाकडी करून गोल फिरायला लागलं, तर एमआरआय हा पहिला विचार नव्हेच. आधी रेबीजची लस झालीय का विचारा. नसेल तर तोंडात हात घालू नका. मग कान, गोचीड, रक्तदाब, किडनी. गोचीडतापात प्लेटलेट घटून मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. म्हाताऱ्या कुत्र्यांतला तोल जाण्याचा एक प्रकार तर काही दिवसांत आपोआप उतरणीला लागतो, आणि श्रेय मिळतं त्या आठवड्यात सुई मारणाऱ्याला! एवढं करून कारण सापडलं नाही, कुत्रं भूल सोसण्यासारखं आहे आणि मालकाची खर्चाची तयारी आहे, तर मोठ्या शहराची वाट धरावी. मालक परभणीचा आहे म्हणून अशी तपासणी असते हेच त्याला सांगायचं नाही, हे मात्र मला पटत नाही.