लोहचुंबक चिकटलं नाही, एवढ्यावर चाक जुनं ठरत नाही

जुन्या गाड्यांच्या नादात असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, आणि तिघांनाही तो पटलेला होता. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जुनं अस्सल अलॉय व्हील दोन मिनिटांत ओळखता येतं. लोहचुंबक चिकटलं नाही आणि चाक उचलायला हलकं लागलं, की ते मॅग्नेशियमचं, म्हणजे जुनंच. कंपनीचं नाव धातूतच ओतलेलं असेल तर नक्कल असूच शकत नाही. जेडब्ल्यूएल असा शिक्का दिसला तर तो जुना जपानी माल. पांढरी पूड आणि खड्डे हा वयाचा पुरावा. गाडीच्या स्टडवर (ज्या खिळांवर चाकाचे नट आवळतात) बरोबर बसलं तर ते तुमच्याच गाडीसाठी बनलेलं. आणि एकदा अस्सल ठरलं की डोळे मिटून वापरा.

मी कोल्हापूरचा, ॲल्युमिनियमच्या ओतकामात बावीस वर्षं काढलेला माणूस. गाड्यांचा शौक धाकट्या मामेभावामुळे लागला. तो इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असतो आणि 1960च्या दशकातली एक मिनी, ती छोटी ब्रिटिश गाडी, हळूहळू उभी करतोय. या मजकुरावर विसंबून त्याने चार चाकं घेतली आणि बरेच पौंड घालवले. शेवटचं वाक्य पैशांपुरतं नाही, ते जिवाशी खेळणारं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरण मुख्यतः मिनिलाइटचं घेतो. टेक-डेल या इंग्लिश कंपनीने 1960च्या दशकात मिनीसाठी आणलेलं हे आठ आऱ्यांचं मॅग्नेशियमचं चाक. शर्यतीत आणि रॅलीत ते इतकं गाजलं की जगभर त्याच्या नकला निघाल्या.

लोहचुंबकाचं लवकर उरकतो. चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही, मॅग्नेशियमलाही नाही. चाक पोलादाचं नाही एवढंच त्यातून कळतं. काल कारखान्यातून निघालेलं अलॉय चाकसुद्धा ही परीक्षा पास होतं.

'हलकं म्हणजे मॅग्नेशियम, आणि मॅग्नेशियम म्हणजे जुनं' यात दोन चुका आहेत. मॅग्नेशियमची घनता घनसेंटीमीटरला 1.74 ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची 2.70, म्हणजे तेवढ्याच आकाराचा मॅग्नेशियमचा तुकडा साधारण दोन तृतीयांश वजनाचा भरतो. पण चाकं तेवढ्याच आकाराची नसतात. मॅग्नेशियम तुलनेने कमी ताकदीचं आणि कमी ताठ, त्यामुळे आरे आणि मधला भाग जाड ठेवावा लागतो. उलट आजचं ॲल्युमिनियमचं चाक चांगलं डिझाइन केलेलं असेल तर पातळ आणि हलकं निघतं. हातात तोलून धातू ओळखणं आम्हा रोज धातू हाताळणाऱ्यांनाही जमत नाही.

धातू ओळखायचाच असेल तर साधा उपाय आहे. चाक पालथं घाला, मागच्या बाजूला कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी जागा रंग खरवडून उघडी करा आणि तिथे व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बारीक बुडबुडे उठतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, तिथे थेंब नुसता बसून राहतो. झालं की जागा स्वच्छ धुवा, कोरडी करा, रंगाचा हात द्या. काही जण कानशीने कीस काढून तो पेटवून बघतात, ते कृपा करून करू नका. मॅग्नेशियमचा कीस पेटला आणि घाबरून कुणी पाणी ओतलं, तर हायड्रोजन तयार होऊन आग भडकते. तिथे कोरडी वाळूच लागते.

समजा बुडबुडे उठले. तरी दुसरी चूक उरतेच. मॅग्नेशियमची चाकं बनणं थांबलेलं नाही. जपानच्या आरएस वातानाबेचं आठ आऱ्यांचं चाक आजही ॲल्युमिनियममध्ये आणि मॅग्नेशियममध्ये नवं मिळतं. धातूवरून वय सांगता येत नाही.

आता नावाचा मुद्दा. जास्तीत जास्त माणसं इथेच फसतात, आणि माझा भाऊही इथेच फसला. पहिली साधी गोष्ट: मिनिलाइट या नावाची नवी ॲल्युमिनियमची चाकं आजही विकली जातात, आणि अमेरिकन रेसिंग या कंपनीचं टॉर्क थ्रस्ट हे जुनं गाजलेलं चाकही. म्हणजे नाव अगदी खरं असलं तरी त्यावरून फार तर कुणी बनवलं ते कळेल, कधी बनवलं ते नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ओतकामात नाव हा साच्याचाच भाग असतो. एखादं अस्सल चाक घेऊन त्याचाच पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, म्हणून वापर केला, वाळूत दाबून काढलं आणि त्या पोकळीत धातू ओतला, तर आऱ्यांबरोबर अक्षरंही उतरतात. कुणाला वेगळं नाव कोरावं लागत नाही.

पण अशी नक्कल एका जागी पकडली जाते, आणि ते मला आमच्या उद्यमनगर या औद्योगिक भागातल्या एका जुन्या पॅटर्नमेकरनी शिकवलं होतं. धातू गोठताना आणि थंड होताना आकसतो. वाळूच्या साच्यातल्या ॲल्युमिनियमसाठी आम्ही साधारण 1.3 टक्के धरतो, म्हणजे मीटरमागे 13 मिलीमीटर. म्हणून पॅटर्न मुळात तेवढा मोठा करतात. त्यासाठी पॅटर्नमेकरकडे वेगळी पट्टीच असते, जिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा किंचित लांब असतो. तयार चाकच पॅटर्न म्हणून वापरलं, की ही वाढ मिळत नाही. निघालेला माल मुळापेक्षा तेवढाच लहान. लेथवर काम झालेली मापं पुन्हा बरोबर आणता येतात: रिमची कड, मधलं भोक, स्टडची भोकं. पण ज्या जागांना यंत्र लागतच नाही, म्हणजे आऱ्यांमधल्या खिडक्या, आऱ्याची रुंदी, अक्षरं, तिथे ती तूट कायमची राहते.

भाऊ सुट्टीला आला तेव्हा चारपैकी एक चाक सामानात घालून घेऊन आला. दहा इंची चाक, बॅगेत सहज मावलं. सोबत कागदावर मापं होती. तिकडे एका वयस्क मिनीवाल्याकडे त्याच रुंदीचं चाक आहे, त्यानेच नवं घेतलेलं आणि पहिल्यापासून त्याच्याकडे असलेलं. त्याच्यावरून ती उतरवून घेतली होती. मी व्हर्नियर घेऊन बसलो. समोरासमोरच्या दोन खिडक्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर कागदावर 180 मिलीमीटर. आमच्या चाकावर 177.7. शेजारची जोडी घेतली, 177.6. आऱ्यांची रुंदी त्याच प्रमाणात कमी. मग भिंग लावून अक्षरं पाहिली. ती होती, सगळी होती, पण कडा विरघळलेल्या साबणासारख्या गोल झालेल्या. भाऊ काही बोलला नाही. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

ही तपासणी करताना एक काळजी घ्या. त्याच व्यासाचं, त्याच रुंदीचं, त्याच काळातलं चाक तुलनेला हवं. कंपन्या पॅटर्न बदलत असत, त्यामुळे एखाद्या मापातला फरक काही सिद्ध करत नाही. यंत्र न लागलेली सगळी मापं एकाच प्रमाणात कमी आली, तरच तो आकसल्याचा फरक.

मोजायला दुसरं चाक नसेल तरी पालथ्या चाकाकडे बघून बरंच कळतं. मिनिलाइटची सुरुवातीची मॅग्नेशियमची चाकं वाळूच्या साच्यातली. अशा चाकाच्या आऱ्यांच्या मागे बोट फिरवलं की वाळूचा बारीक खरखरीतपणा लागतो. कुठे फेटलिंगवाल्याने, म्हणजे ओतीव माल साफ करणाऱ्याने, हाताने घासल्याच्या रेघा दिसतात, आणि आठ आरे बारकाईने पाहिले तर हुबेहूब सारखे नसतात. धातूच्या डायमधून, म्हणजे पक्क्या साच्यातून, आलेलं चाक मागूनही गुळगुळीत असतं. त्यावर कधी कधी इजेक्टर पिनचे (माल साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांचे) गोल ठसे असतात, महिना-वर्ष दाखवणारी छोटी गोल तबकडी असते. ती तबकडी दिसली तर वाचा. विकणाऱ्याच्या तोंडी माहितीपेक्षा ती जास्त खरी.

जेडब्ल्यूएलबद्दल तर उलटंच आहे. ही हलक्या धातूच्या चाकांसाठीच्या जपानी मानकाची खूण. आपलं चाक त्या चाचण्यांत उतरतं असं सांगत बनवणारा ती स्वतः उमटवतो. शेजारी व्हीआयए असेल तर स्वतंत्र संस्थेकडे चाचणी होऊन नोंद झालेली असते. दोन्ही खुणा आज शोरूममधल्या कोऱ्या चाकांवरही असतात, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या चाकांवरसुद्धा. त्यामुळे या शिक्क्याने वय कळत नाही. उलट, '1965 सालचं इंग्लिश रॅलीचं चाक' म्हणून कुणी काही दाखवत असेल आणि त्यावर जेडब्ल्यूएल असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. इंग्लंडमध्ये तेव्हा ओतलेल्या चाकावर ती खूण येण्याचा प्रश्नच नाही. तसंच ईटी या अक्षरांचं. ते ऑफसेटसाठीच्या, म्हणजे चाक गाडीला टेकतं ती बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे त्या मापाच्या, जर्मन शब्दाचं लघुरूप आहे. त्या काळच्या इंग्लिश म्हणवणाऱ्या चाकावर ते दिसलं तर मी तरी पुढे पाऊल टाकणार नाही.

शिक्के निरुपयोगी असतात असं मात्र मी म्हणत नाही. बऱ्याच जर्मन चाकांवर केबीए आणि पुढे आकडा असतो. तो फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय मोटार वाहन कार्यालयाच्या मंजुरीचा क्रमांक. त्यावरून चाक कोणत्या मंजुरीखाली बनलं, कोणत्या गाड्यांसाठी, याचा माग काढता येतो. बीबीएस, एटीएस, रोनाल या कंपन्यांची जुनी चाकं घेणाऱ्याने आधी तो आकडा शोधावा. बीबीएसची तीन भागांची चाकं असतील तर आणखी एक पाहावं: मधला भाग जुना आणि बाहेरचं रिम नंतर बदललेलं, असं सर्रास असतं. त्यात खोटेपणा काही नाही, फक्त विकणाऱ्याने ते सांगायला हवं.

खड्डे आणि पांढरी पूड? मालवणला समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची चाकं बघा. दोन पावसाळ्यांत नव्या अलॉयची कड पांढरी पडते. आम्ल लावून हाच परिणाम फार लवकर साधता येतो. म्हणून किती गंजलंय यापेक्षा कुठे गंजलंय हे बघा. मॅग्नेशियम दुसऱ्या धातूला टेकलं की तिथून गंजायला लागतं. त्यामुळे खरं झिजलेलं चाक नटाभोवती, बॅलन्सिंगच्या वजनांच्या क्लिपखाली आणि रंग उडालेल्या जागी आधी खराब होतं. नट बसण्याच्या जागेवर वर्षानुवर्षं आवळल्याच्या कड्या उमटलेल्या असतात. रिमच्या काठावर टायर काढण्याच्या पहारीचे जुने घाव असतात. मागे ब्रेकची काळी धूळ रंगाच्या थरांमध्ये अडकलेली असते. भावाच्या चाकावर बाहेर सगळीकडे सारखेच खड्डे होते आणि नटाची भोकं मात्र आतून कोरी, लखलखीत. चार-पाच दशकं चाललेल्या चाकावर कधी नटच बसला नाही, हे कसं शक्य आहे?

स्टडवर बसण्याचा मुद्दाही असाच घात करतो. एमजीबी या ब्रिटिश गाडीचे चार स्टड साडेचार इंच व्यासाच्या वर्तुळावर, म्हणजे 114.3 मिलीमीटर. डॅटसन 240झेड या जपानी गाडीचेही 114.3. एकाचं चाक दुसऱ्याच्या स्टडवर चढतं, म्हणून ते दुसऱ्यासाठी बनलं असं होत नाही. मधलं भोक आणि ऑफसेट वेगळे असू शकतात. मिनीचं वर्तुळ चार इंचांचं, 101.6. कित्येक लहान आधुनिक गाड्यांचं 100. फरक अवघा 1.6 मिलीमीटर, प्रत्येक स्टडला 0.8. नट आवळताना चाक 'बसतं', हाताला काही वेगळं जाणवतही नाही. पण स्टड कायम वाकवलेल्या ताणात राहतो, आणि धावत्या गाडीत नट सैल पडू शकतो. बसलं यावर विश्वास ठेवू नका, मोजा.

राहिलं शेवटचं वाक्य, 'अस्सल चाक डोळे मिटून वापरा'. त्या मजकुरातलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच. चाक जितकं खरोखर जुनं, तितके त्याने फटके आणि भार जास्त सोसलेले. आऱ्याच्या मुळाशी आणि स्टडच्या भोकांभोवती केसाएवढ्या भेगा पडतात, आणि रंगाखाली त्या दिसत नाहीत. रंग रसायनाने उतरवून डाय पेनिट्रंटची तपासणी करायलाच हवी. लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर लाल रेघ उमटते. साधी, स्वस्त तपासणी आहे, आमच्याकडे तर रोज होते. रंग उतरवायला चाक पोलादी छर्ऱ्यांच्या ब्लास्टिंगला मात्र देऊ नका. लोखंडाचे कण मॅग्नेशियममध्ये रुततात आणि चाक तिथून गंजायला लागतं.

त्या वयस्क मिनीवाल्याने हे सगळं ऐकून आपली चारही चाकं तपासून घेतली. दोन स्वच्छ निघाली. तिसऱ्याच्या दोन आऱ्यांच्या मुळाशी आणि चौथ्याच्या एका स्टडच्या भोकापासून लाल रेघ निघाली. चाकं शंभर टक्के अस्सल होती, आणि तो मागच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्यावर गाडी चालवत होता. आता ती चारही गॅरेजच्या भिंतीवर आहेत. त्याची मिनी आणि भावाची मिनी, दोन्ही नव्या ॲल्युमिनियमच्या आठ आऱ्यांवर धावतात. मला कॉव्हेंट्रीहून फोटो आला तेव्हा आधी मी नट बघितले.