प्रत्येक वेळी 'तिकडचं काय?'

कुठल्याही देशातल्या धार्मिक अल्पसंख्याकांवरच्या अन्यायाबद्दल तोंड उघडलं की ठरलेलं उत्तर येतं: 'तिकडे आमच्या लोकांचं काय होतं ते बघा!' अहो, बघतोच आहोत ना! पाकिस्तानने १९७४ साली घटनादुरुस्ती करून अहमदियांना, म्हणजे स्वतःला मुसलमानच मानणाऱ्या एका पंथाला, बिगर-मुस्लिम ठरवलं. १९८४ पासून त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणवलं तर तुरुंग. इराणमध्ये बहाई या अल्पसंख्य धर्माच्या मुलांना विद्यापीठाची दारं बंद. म्यानमारमधून २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमान जीव मुठीत धरून पळाले. यातल्या कुठल्या पोरानं परदेशात कुणाचं काय वाकडं केलं होतं? एका देशातल्या जुलमाचा सूड दुसऱ्या देशातल्या शेजाऱ्यावर उगवायचा, हा कुठला न्याय?

आणि आपल्या धर्माची माणसं कुठे संख्येनं कमी असली की हेच लोक संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं धर्मस्वातंत्र्याचं कलम १८ घडाघडा म्हणून दाखवतात! ते १९४८ पासून सगळ्यांसाठी आहे. (धर्म बदलण्याचं स्वातंत्र्यही त्यातच लिहिलंय, ते बरोबर गाळतात.) संताप येतो नुसता. कुणाचं प्रार्थनास्थळ जाळलंय, घरातली लेकरं बाहेर पडायला घाबरताहेत, आणि अशा वेळी तुम्हाला तुलना सुचतेच कशी?